पाडणाऱ्याचा हात

थोरलीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरात सगळे म्हणायचे. साफ चूक! नाकाच्या शेंड्यावरचा राग शिंकेसारखा येतो आणि जातो. थोरलीचा राग तीन वर्षांपूर्वी आला आणि बिऱ्हाड करून राहिला. सकाळी तिच्याआधी उठायचा, रात्री तिच्यानंतर झोपायचा.

त्या रागाचं कारण त्याच घरात राहायचं. तिची धाकटी जाऊ. दोघी सख्ख्या भावांच्या बायका, एकच ओटा, एकच नळ, एकच कपडे वाळत घालायची दोरी. त्या दोरीवर थोरलीचे कपडे या टोकाला आणि धाकटीचे त्या टोकाला, मधे दोन हात मोकळी दोरी. त्या मोकळ्या दोरीवर कुणी चुकून रुमाल वाळत घातला तरी संध्याकाळपर्यंत त्यावरून वाजायचं. नवरे दोघेही असल्या वेळी पेपर वाचायचे. एकदा वाचून झालेला पेपरसुद्धा पुन्हा वाचायचे.

आता या दोघींची गाठ नुसती घरातच पडली असती तरी पुष्कळ होतं. पण सासरे ज्यूदोचे मास्तर. टायरच्या दुकानावर एक लांबलचक हॉल, त्यात चाळीस वर्षं त्यांचा वर्ग चाले. घरात ते ‘बाबा’, हॉलच्या पायरीवर पाय ठेवला की ‘सर’. घरात आलेल्या दोन्ही सुनांना त्यांनी मॅटवर उभं केलं, आणि दोघींनाही त्या मॅटचं वेड लागलं. म्हणजे एकमेकींना टाळायला एक जागा उरली होती, तीही गेली.

ज्यूदो ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोनच गोष्टी सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. समोरच्याला उचलून पाठीवर पाडायचं असतं. पण पाडताना त्याच्या जाड कोटाची एक बाही आपल्या मुठीत शेवटपर्यंत धरून ठेवायची. त्या बाहीच्या आधारानं तो हवेत वळतो, पाठीवर येतो, मोकळ्या हातानं मॅटवर सपकन थाप मारतो आणि उठतो. बाही सुटली की माणूस खांद्यावर आपटलाच म्हणून समजा. ही झाली पाडणाऱ्याची गोष्ट. पडणाऱ्याची गोष्ट अशी, की अंग सैल सोडायचं आणि काहीही झालं तरी सावरायला म्हणून हात खाली रोवायचा नाही. रोवलेला हात मोडतो. हे पहिल्या दिवशी सात वर्षांच्या पोरीलासुद्धा घोकून घोकून शिकवतात.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ओट्यापाशी थोरली धाकटीच्या वडिलांबद्दल नको ते बोलली. काय बोलली ते सांगत नाही, पण ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी असंच होतं. संध्याकाळी वर्गात धाकटीनं तिला पाडलं, आणि पाडताना बाही सोडून दिली. थोरलीचं गळ्याखालचं हाड मोडलं. धाकटी तिथंच ढसाढसा रडली. “सर, मी मुद्दाम सोडली, माझं डोकं फिरलं होतं,” असं सगळ्यांसमोर म्हणाली, थोरलीच्या पाया पडली. सरांनी तिला वर्षभर मॅटला पाय लावू दिला नाही. वर्षानंतर ती परत आली, सगळ्यांनी तिला पोटाशी धरलं. सगळ्यांनी म्हणजे थोरली सोडून.

थोरली मात्र चार महिन्यांत मॅटवर उभी होती. हाड कच्चं असताना. आणि जी काही शिकली म्हणता! तिच्या डावात असा झपाटा आला की तिच्याहून वीस किलो जड बाई तिच्या कमरेवरून गिरकी घेऊन खाली यायची. बघणारे आ वासून बघायचे.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सासऱ्यांनी तिला हाक मारली. ते दाभणानं एका कोटाची फाटलेली कॉलर शिवत बसले होते.

“सूनबाई, बस. माझ्या कमरेनं आता राजीनामा दिलाय. रविवारी तुझी ब्लॅक बेल्टची परीक्षा घेतो. पास झालीस तर पहिल्या तारखेपासून वर्ग तुझा. वर्ग चालवणाऱ्या मंडळाला तसं सांगून ठेवलंय, पगारही तेच देतील.”

थोरलीला आकाश ठेंगणं झालं. ती गेली अकरा वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करत होती. तापलेल्या रुळात ओली चादर घालायची, पलीकडून कोरडी ओढायची, दोघींनी दोन टोकं धरून घडी घालायची. दिवसाला सहाशे. तिथं तिला कुणी नावानं ओळखत नव्हतं, ‘तीन नंबरचा रूळ’ म्हणायचे. या वर्गासाठी तिनं जीव गहाण टाकला असता.

“आणि धाकटी?” तिनं विचारलं. धाकटीकडे ब्लॅक बेल्ट आधीपासून होता, त्यामुळे विचारल्याशिवाय राहवलंच नाही.

“जिनं एकदा बाही सोडली तिच्या हाती मी वर्ग देणार नाही. तिला तोंडावर सांगितलंय तसं.” त्यांनी दोरा दातानं तोडला. “पण तुझंही एक आहे. तू राग घेऊन मॅटवर येतेस.”

“राग नसता तर मी अंथरुणातून उठले नसते, बाबा. हाड जुळलं ते प्लास्टरनं. मी उठले ती रागानं.”

“उठलीस, चांगलं झालं. आता त्याला घालव.”

“का म्हणून? माझा हात चुकतो? तोल जातो? दाखवा ना एक चूक.”

“चूक नाही,” म्हातारा म्हणाला. “हात शिकवता येतो गं. मनाचं काय करायचं ते मला चाळीस वर्षांत समजलं नाही.”

थोरलीनं मनातल्या मनात नाक मुरडलं. हरणाऱ्यांनी करायच्या गोष्टी या, असं तिचं मत. राग म्हणजे इंधन. तो नसेल तर माणूस नुसता कोट घालून उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत तिनं हे पलीकडच्या टोकाला उभ्या असणाऱ्या बाईला ऐकवलं. बाई अर्धा दिवस ऐकत होती. दुपारी मात्र तिच्या हातातून चादरीचं टोक तिसऱ्यांदा हिसकलं गेलं तेव्हा भडकली.

“अगं बये, जरा हळू! फाटेल ना. मी काय तुझी जाऊ आहे?”

सगळी लाँड्री खो खो हसली. थोरलीचा नुसता तिळपापड झाला. त्यानंतर ती चादरी आणखी जोरात ओढू लागली.

रविवार उजाडला. सकाळचे आठ. खालून टायरच्या रबराचा वास वर येत होता, मॅट ओल्या फडक्यानं पुसून ठेवली होती.

त्या हॉलची एक रीत होती. चपला काढल्यावर मॅटवर पाय ठेवायच्या आधी प्रत्येकीनं भिंतीकडे तोंड करून, आज कुणावर राग आहे ते मोठ्यानं सांगायचं. सांगितलं की तो चपलांपाशी ठेवला असं धरायचं. बायकांना यात भारी मजा वाटे. बस चालवणारी म्हणाली, “डेपोच्या मॅनेजरवर, आणि त्याच्या मिशीवरसुद्धा.” हॉस्पिटलातली नर्स म्हणाली, “नवऱ्यावर. कारण विचारू नका.” थोरलीची चौदा वर्षांची लेकही वर्गात होती. ती भिंतीशी जरा वेळ उभी राहिली आणि पुटपुटली, “गणिताच्या बाईंवर.” धाकटी म्हणाली, “स्वतःवर.” ती रोज हेच म्हणायची, आणि रोज ते ऐकून थोरलीच्या डोक्यात तिडीक जायची. नाटकं मेलीची!

थोरलीची पाळी आली. “कुणावर नाही,” ती म्हणाली. तीन वर्षं ती हेच म्हणत आली होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे पाहिलं.

परीक्षा दोन भागांत. आधी वर्गातल्या बाराजणींनी एकामागून एक परीक्षा देणारीला पाडायचं. तिनं विरोध न करता पडायचं, उठायचं, पुढचीसमोर उभं राहायचं. मग फिरून तिनं बाराजणींना पाडायचं.

पडण्याचा भाग थोरलीनं झकास निभावला. बारा थापा, बाराही एका तालात. धाकटीनं तिला पाडलं तेव्हा बाही इतकी घट्ट धरली की थोरली कापसाच्या गादीवर ठेवल्यासारखी खाली आली. त्याचाही तिला संताप आला. बघा, म्हणे मी किती सुधारले! तिनं धाकटीच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं, आणि ते पाहणं काही प्रेमाचं नव्हतं. धाकटीनं नजर खाली वळवली.

मग पाडण्याचा भाग. थोरली पेटली होती. बसवाली गेली, नर्स गेली, दोन महिन्यांपूर्वी आलेली शिंपीण ‘अगंबाई’ म्हणेस्तोवर पाठीवर होती. प्रत्येकीची बाही थोरलीच्या मुठीत शेवटपर्यंत. लेकीला पाडताना पोर जरा लाकडासारखी लागली. परीक्षेचं दडपण घेतलं असेल, असं मनात म्हणून थोरलीनं तिला उठवलं आणि पुढची धरली.

शेवटी धाकटी.

दोघी समोरासमोर वाकल्या. तीन वर्षांत सरांनी या दोघींची जोडी लावली नव्हती. आजही ती लागली फक्त रीत होती म्हणून. थोरलीनं तिची कॉलर धरली, उजव्या हाताची बाही धरली. जवळ आल्यावर तिला धाकटीचा श्वास ऐकू आला, भरभर.

“घाबरलीस?” थोरली दातांतल्या दातांत म्हणाली.

धाकटीनं तिची कॉलर धरली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी थोरलीच्या मनात बाही सोडायचं नव्हतं. हे मी तिची बाजू घेऊन सांगत नाही, जे होतं ते सांगतो. तिनं रात्रभर विचार करून ठरवलं होतं की आपण बाही धरायची, अशी धरायची की साऱ्या गावानं बघावं. हिनं सोडली होती आणि मी धरली. हीच तिला सगळ्यात मोठी चपराक, असं तिचं गणित.

ती वळली, कंबर खाली घातली, ओढलं. धाकटी तिच्या पाठीवरून उचलली गेली, पाय छताकडे गेले. आणि मग जे झालं ते त्या हॉलमध्ये चाळीस वर्षांत झालं नव्हतं. थाप मारायच्या जागी धाकटीनं डावा हात खाली रोवला. ब्लॅक बेल्टवाल्या बाईनं! सात वर्षांच्या पोरीनंही करू नये अशी चूक. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला, आणि पाठोपाठ धाकटीची किंकाळी.

“सोडली! सोडली हिनं!” बसवाली ओरडत उठली. “सूड घेतलास ना शेवटी? मिळालं समाधान?”

“मी सोडली नाही!”

“तीन वर्षं डूख धरून बसली होतीस, आम्हाला का दिसत नाही?”

“अगं, सोडली नाही म्हणते ना! ही बघा! ही बघा बाही!” थोरलीचा आवाज चिरकला. बाही खरोखरच अजून तिच्या मुठीत होती. पण बायकांनी गराडा घातलेला, कुणाला दिसणार? कुणीतरी तिला खांद्यानं बाजूला ढकललं. जमलेल्या बारा तोंडांपैकी दहा एकाच वेळी बोलत होती, आणि त्यातलं एकही तिच्या बाजूनं नव्हतं.

नर्सनं धाकटीचं मनगट हातात घेतलं. ते भलत्याच ठिकाणी वाकलं होतं. हजेरीच्या वहीबरोबर असायची ती लाकडी पट्टी मागवली आणि ओढणीनं ते बांधायला घेतलं. सर खुर्चीतून उठून भिंतीचा आधार घेत घेत तिथवर आले.

“धाकटे, बाही सोडली का हिनं?”

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. नुसती मान खाली घातली असती तरी थोरलीचा निकाल तिथंच लागला असता. थोरलीला ते कळत होतं.

“नाही,” धाकटी म्हणाली. “धरली होती. शेवटपर्यंत. हात मी टाकला.”

“तू?”

“मला वाटलं, ही आज सोडणार. पक्कं वाटलं.” ती थोरलीकडे वळली, आणि तिच्याही डोळ्यांत आता काही पाया पडणं उरलं नव्हतं. “ताई, उपकार म्हणून सांगत नाहीये मी हे. खरं ते सांगतेय. माझं चुकलं होतं, मान्य. पण तीन वर्षं तू मला रोज सोडतेयस. ओट्यापाशी, जिन्यात, त्या दोरीपाशी. हात आपोआप पुढे आला माझा. मी काय करू?”

नर्सनं धाकटीला धरून जिना उतरवला. खाली टायरवाल्यानं गाडी काढल्याचा आवाज आला, मग तोही गेला.

सर खुर्चीत जाऊन बसले. मग त्यांनी बाजूच्या पिशवीतून नवाकोरा काळा पट्टा काढला.

“इकडे ये. डाव चोख, हात चोख, बाही धरलेली. पास.”

पट्टा त्यांनी स्वतः बांधला नाही, हातात दिला. थोरलीनं तो बांधला. गाठ दोनदा घालावी लागली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

“आणि वर्ग, सर?” तिनं विचारलं. विचारायची ती वेळ नव्हती, पण अकरा वर्षांच्या चादरी तिच्या मागे उभ्या होत्या.

“वर्ग म्हणजे काय गं? हा हॉल? ही मॅट? वर्ग म्हणजे पडायला तयार असलेली माणसं. ती मी देणारा कोण? त्यांनाच विचारू या.” ते रांगेकडे वळले. “उद्यापासून हिच्या हाताखाली जिला पडायचंय तिनं उभं राहा.”

रांगेत दहाजणी बसल्या होत्या. एकही हलली नाही.

थोरलीनं बसवालीकडे पाहिलं. बसवाली आपली नखं तपासत होती, जणू आजच उगवली होती. शिंपीण ओठ घट्ट मिटून समोरच्या भिंतीकडे बघत होती. पलीकडची एक अर्धवट उठल्यासारखी झाली, पण ती पायाला मुंग्या आल्या म्हणून. बसली परत.

“भित्र्या कुठल्या!” थोरली फुटलीच. “सोडली नाही मी बाही! तिनं स्वतः सांगितलं ना तुमच्यासमोर? आणखी काय पुरावा हवा तुम्हाला? आजवर एकीचं तरी नख मोडलंय का माझ्या हातून?”

मोडलं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मग तिनं रांगेतल्या चौथ्या माणसाकडे बोट केलं.

“तू ऊठ.”

लेक उठली नाही.

“ऊठ म्हणते ना! मगाशी पडलीस ती?”

“मगाशी परीक्षा होती,” पोर म्हणाली. आवाज इतका लहान की रांगेच्या टोकापर्यंत गेला नसेल. “आई, मी तुझ्या हाताखाली श्वास धरून पडते.”

“म्हणजे?”

“म्हणजे पडेपर्यंत श्वास घेत नाही. तू बाही सोडत नाहीस, मला माहितीये. कधीच सोडली नाहीस. तरी.”

थोरलीनं तोंड उघडलं. ओरडणार होती ती, ओरडायचे शब्द जिभेवर येऊन तयार होते, नेहमीचेच. आणि ते बाहेर पडायच्या आत तिच्या डोळ्यांदेखत पोरीचे खांदे वर चढले, कानांपर्यंत, आणि मान त्यांच्यात रुतली. ही हालचाल थोरलीनं शेकडो वेळा पाहिली असेल. जेवताना पाहिली असेल, वेणी घालताना पाहिली असेल. पोरीला पोक काढून बसायची सवय आहे म्हणून तिला वर रागावलीही होती.

तिनं तोंड मिटलं.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“तुझं हाड मोडलं होतं ना, त्यातून तू बरी होऊन आलीस, तेव्हापासून.”

खाली दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. थोरली रांगेशी आली. बसवालीनं सवयीनं पाय आखडून घेतले. लेकीच्या शेजारची नर्सची जागा रिकामी होती. थोरली तिथं बसली नाही. ती जागा तशीच ठेवून तिच्या पलीकडे, पोरीनं दचकू नये इतक्या अंतरावर, हळूच बसली. पोर दूर सरकली नाही. जवळही आली नाही.